कुळीथ, अंडं आणि बनू

बिरवाडी, ९ मार्च १९८६

सौ. गीता हिस, सप्रेम जयभीम.

माफी मागायला लिहीत नाही, हे पहिल्याच ओळीत सांगून टाकतो. ये म्हणायलाही लिहीत नाही. एक बातमी आहे आणि ती कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही. शेजारच्या धोंडूला सांगितली तर तो म्हणाला, "बरं झालं. जेवलास का रे?" अशा माणसाला पुढे काय सांगायचं. म्हणून तुला.

टिपणीससाहेबांनी मला लॅब वापरायला दिली. ड्यूटी संपल्यावर रोज दोन तास, माझ्या स्वतःच्या कामासाठी. मी कंपनीत बाटल्या धुतो आणि साहेबांच्या हाताखाली नमुने लावतो, एवढंच तुला ठाऊक आहे. पण आमच्या रंगाच्या मालात नत्र किती, हे रोज मोजावं लागतं आणि त्यातलं निम्मं काम माझ्याच हातून होतं. परवा मी साहेबांना सहज विचारलं, की खाण्याच्या जिनसांमधलं प्रोटीन कसं मोजतात. ते म्हणाले, "अरे, तू रोज करतोस तेच. नत्र मोजायचा, सव्वासहाने गुणायचं. आला आकडा." गीता, मी तीन वर्षं त्या टेबलाशी उभा आहे आणि मला हे माहीत नव्हतं. घरी येईपर्यंत मी रस्त्याने जवळजवळ पळत होतो.

आता तू एसटीच्या पायरीवरून काय म्हणालीस ते आठव. सगळ्या गाडीने ऐकलं. "तुमच्या कुळथात अंड्याएवढं बळ हाय, असं कागदावर दाखवा. दुसऱ्या दिवशी पोरीला घेऊन येते. नायतर बनू माझ्या आईकडं कापड्यातच वाढेल." तेवढ्यात कंडक्टरने घंटी मारली आणि माझं उत्तर तोंडातच राहिलं. ते उत्तर आता देतो. दाखवतो कागदावर.

माझी बाजूही एकदा ऐकून घे. महाडच्या डॉक्टरांनी बनूला काट्यावर ठेवलं, सतरा महिन्यांची पोर आणि भरली सात किलो तीनशे. प्रोटीन कमी पडतंय म्हणाले. दोन महिन्यांत वजन वाढलं नाही तर मुंबईला न्यावं लागेल म्हणाले. भीती मलाही वाटली. पण गेल्या वैशाखात धम्म शिबिरात मी शब्द दिला होता, की जीव मारून मिळालेलं काही माझ्या घरात शिजणार नाही, आणि मी डॉक्टरांकडून आलो त्याच संध्याकाळी तू सहा अंडी घेऊन आलीस. मी ती धोंडूच्या घरी देऊन टाकली. एवढाच माझा गुन्हा. पोरीला उपाशी तर ठेवत नव्हतो ना. कुळीथ शिजवून, वरचं पाणी गाळून, जिरं-मीठ घालून ते कळण मी स्वतःच्या हाताने तिला रोज पाजत होतो. जो दाणा घोड्याला पळवतो तो माझ्या पोरीला का नाही उभं करणार?

कुळीथ तुझ्या आईचेच घेणार आहे, माघात पाठवलेल्या पिशवीतले. अंडं धोंडूच्या कोंबडीचं. म्हणजे पक्षपात केला म्हणायला तुला जागा नको.

बनूला पापा. तुला काय पाठवावं ते सुचत नाही.

श्रीपत


बिरवाडी, १६ मार्च

गीता,

चौतीस.

आधी आकडा लिहिला, आता सप्रेम जयभीम. शंभर ग्रॅम कुळथात चौतीस ग्रॅम प्रोटीन. शंभर ग्रॅम अंड्यात तेरा. वाचलंस? पुन्हा एकदा वाच आणि तुझ्या आईलाही वाचून दाखव.

कसं केलं ते सांगतो, तुला कंटाळा आला तरी सांगतो. लांब मानेचा काचेचा चंबू असतो. त्यात कुळथाचं पीठ एक ग्रॅम घातलं, वर सल्फ्युरिक ॲसिड, खाली आच. पहिल्यांदा सगळं डांबरासारखं काळं झालं. मला वाटलं, गेलं. साहेब म्हणाले, थांब. मग काळ्याचं तपकिरी झालं, तपकिरीचं पिवळं, आणि शेवटी विहिरीच्या पाण्यासारखं नितळ. त्या नितळ पाण्यात कुळथातला सगळा नत्र उतरलेला असतो. मग कॉस्टिक सोडा घालून त्याला वाफेबरोबर हाकलायचा, दुसऱ्या भांड्यात पकडायचा आणि थेंब थेंब ॲसिड सोडून मोजायचा. हिरव्याचा गुलाबी रंग झाला की थांबायचं. थेंब पडत होते आणि गुलाबी काही होईना. नळीवर अंडं जिथे थांबलं होतं त्या खुणेच्या पुढे गेलो तेव्हा आकडे तोंडाने मोजायला लागलो. वीस गेले, पंचवीस गेले. आकडा मांडल्यावर मी मोठ्याने ओरडलो. बाहेरचा वॉचमन धावत आला, त्याला वाटलं ॲसिड सांडलं.

नमुना घेताना काही लबाडी केली नाही. पिशवी अर्धी झाली आहे, तिच्यात हात घालून थेट तळातून मूठभर कुळीथ घेतले. निवडले नाहीत, धुतले नाहीत, जसे होते तसे लॅबच्या चक्कीत दळले. शास्त्रात असंच असतं. आपल्या मनाने काही काढायचं नाही, काही घालायचं नाही. अंडं मात्र मला फोडवेना. साहेबांनी फोडून दिलं आणि म्हणाले, "श्रीपत, हे उकळलेलं तुझ्या शिबिरात चालतं काय?" ते स्वतः मासे खाणारे आहेत. आकडा बघून म्हणाले, "जरा जास्त वाटतो रे. पुन्हा लाव." मासे खाणाऱ्याला तसं वाटणारच.

आता एक गोष्ट लपवणार होतो, पण लपवत नाही. धोंडूच्या बायकोने मूठभर सुकट दिली होती, तीही तपासली. सत्तावन्न आली. पण सुकट म्हणजे चिमूटभर तोंडीलावणं. वर मीठ किती, वाळू किती. एवढ्याशा पोरीला ती वाटीभर कोण देणार? तेव्हा ती आपण बाजूला ठेवू.

आईंना सांग, घरातल्या पिशव्यांचे तळाचे कुळीथ काढा. माझे चौतीस तळातूनच आले. बनूला दोन्ही वेळा त्याचं कळण द्या. ओढ्यातले खेकडे, त्या तुमच्या चिंबोऱ्या, आता पुरे.

वीस तारखेला, सत्याग्रहाच्या दिवशी, तू महाडच्या तळ्यावर येशीलच, अख्खी वाडी येते. मी पायऱ्यांवर उभा राहीन. तिथूनच घरी जाऊ. बनूची झोळी धुऊन वाळत घातली आहे.

श्रीपत


बिरवाडी, २१ मार्च

सौ. गीतास जयभीम.

काल सकाळी आठपासून दुपारी तीनपर्यंत मी तळ्याच्या पायऱ्यांवर उभा होतो. पोलादपूरकडून आलेला एकेक ट्रक बघितला. कापड्याच्या ट्रकमधून सगळी वाडी उतरली, तुझी प्रयागमावशी उतरली, तुझ्या शेजारचा सयाजी उतरला, तू उतरली नाहीस. मला तुला बघायचं होतं. बनूला उचलून घ्यायचं होतं. हे आकड्यांचं बाजूला ठेवून सांगतो.

सयाजीने तुझा निरोप दिला. "गीता म्हणली, एवढ्या गर्दीत पोरीला आणत नाय. आन् म्हणली, तोंडी आकडा नको. साहेबाच्या सहीचा कागद पाठवा." मी म्हटलं, बनू कशी हाय? तो म्हणाला, "हाय की. शेजारच्या कोंबड्यांमागं रांगते." रांगते, चालत नाही.

पण एकदा तोंड उघडल्यावर मला राहवेना. तिथेच पायरीवर सगळ्यांना चौतीस आणि तेरा सांगितलं. वीस-पंचवीस माणसं गोळा झाली असतील. एका गुरुजींनी वहीत लिहून घेतलं. एक बालवाडीच्या बाई होत्या, त्या म्हणाल्या, सोमवारपासून मुलांना कळण सुरू करते. प्रयागमावशी म्हणाली, "तरी मी सांगत होते, कुळथासारखं काय नाय." आयुष्यात पहिल्यांदा लोक माझ्याकडे बघून माना डोलवत होते. तू तिथे हवी होतीस.

साहेब म्हणतात, दोनदा आकडा जुळल्याशिवाय सही करत नाही. तर उद्यापासून पुन्हा लावतो. सही आणतोच, आणि मग तुझं काही ऐकणार नाही.

श्रीपत


बिरवाडी, २९ मार्च

गीता, जयभीम.

परवा मी कापड्यात येऊन गेलो हे तुला कळलंच असेल. तुझी आई सांगितल्याशिवाय राहायची नाही, आणि सांगताना पोट धरून हसलीही असेल. आता माझ्याकडून ऐक.

सहीसाठी मी दुसरा नमुना लावला, या वेळी पिशवीच्या वरच्या थरातला. आला तेवीस. तिसरा लावला, बावीस. पुन्हा तळातला लावला, छत्तीस. एका पिशवीत दोन जातींचे कुळीथ कसे असतील? साहेब म्हणाले, "तुझी पिशवीच घेऊन ये बघू." दुसऱ्या दिवशी नेली. त्यांनी ती टेबलावर उलटी केली. आतल्या बाजूला निळी अक्षरं होती. गीता, ती युरियाची पिशवी. तुम्ही ती उलटी करून वापरता, म्हणून मला बाहेरून नुसती पांढरी दिसत होती. तळाच्या शिवणीत पांढरे दाणे अडकलेले. साहेबांनी त्यातले चार ओल्या तळहातावर घेतले आणि मला हात लावायला लावला. गार. "हा युरिया. नत्रच नत्र. तू प्रोटीन नाही मोजलंस, खत मोजलंस."

मला हसू आलं नाही. मला तुला लिहिलेलं पत्र आठवलं. तळाचे काढा, बनूला दोन्ही वेळा द्या. मी स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं.

साहेबांना न विचारता निघालो. पोलादपूरला उतरलो तर कापड्याची गाडी गेलेली. अर्धा रस्ता चाललो, अर्धा एका लाकडाच्या ट्रकने आलो. ओटीवर तुझी आई चिंबोऱ्या साफ करत बसली होती. मी ओरडलो, "बनू कुठं हाय? कुळीथ खाल्लेन काय तिने?"

"पोरीला टोचायला नेलीन गीताने पोलादपुरास. बसा जरा, पाणी प्या. कुत्रं लागलंय काय पाठी, जावई?"

"आई, तुमच्या पिशव्यांत युरिया हाय."

"हाय तर. युरियाचीच पिशवी ती. धुतली तरी शिवणीत थोडा ऱ्हातोच. म्हणून तर कुळीथ तीन पाण्यांनी चोळून धुते, तवा भिजत घालते." मग तिने माझ्याकडे नीट बघितलं. "तुमी धुतलेत नाय?"

मी म्हटलं, "शास्त्रात धूत नाहीत."

"न धुता दळलेत?" असं म्हणून तिने आतल्या बाजूला हाक मारली, "सोमा, बाहेर ये रे. जावई बघ काय म्हणतात ते."

तुझा भाऊ आला आणि दोघं हसत सुटली. हसू दे. बनू सकाळी हसत-खेळत गेली होती, एवढं मी त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतलं. तुझी आई पाणी आणायला आत गेली तेवढ्यात मी ओटीवर बसून रडलो. सोमाने बघितलं, त्याने सांगितलं नसेल तर तो भला माणूस आहे.

मग आईने मला चुलीवरची तपेली दाखवली. बनूसाठी चिंबोऱ्यांचा रस्सा केला होता. वरचा नितळ रस्सा बनूचा, खालच्या चिंबोऱ्या सोमाच्या. म्हणाली, "सगळं बळ रश्शात उतरतं. पोरीला बळ द्यावं, कामाच्या गड्याला चोथा." गीता, मी कळण गाळताना शब्दन् शब्द हेच म्हणायचो. कळण बनूला, दाणे उसळ करून मला. मी म्हटलं, आई, औषधाच्या बाटलीत थोडा रस्सा द्या, आणि एक नांगीही द्या. तिचे डोळे चमकले. "खाणार हाव?" म्हटलं, "नाय, उकळणार."

तू साडेचारपर्यंत येशील असं ती म्हणत होती. मी चारच्या गाडीने निघालो. ड्यूटीचं कारण सांगितलं, ते खोटं. तुला तोंड दाखवायची हिंमत झाली नाही.

खोटं निघालंच आहे तर आणखी एक. अंडी मी धोंडूच्या घरी दिली नव्हती. तू नळावर गेली होतीस तेव्हा मी ती मोरीत फोडली, एकेक करून, सहाच्या सहा. पोर सात किलो तीनशे भरली हे त्या वेळी माझ्या डोक्यात होतं, आणि तरी फोडली.

बालवाडीच्या त्या बाईंना आणि गुरुजींना आजच कार्ड टाकलं, की चौतीस खोटा.

श्रीपत


बिरवाडी, ३ एप्रिल

गीता, सप्रेम जयभीम.

हे पत्र बसून वाच. मी उभ्यानेच लिहितोय, मला बसवत नाही.

धुतलेले, वाळवलेले कुळीथ: बावीस. अंडं: तेरा. म्हणजे बघ, युरिया काढला तरी कुळीथच पुढे. इथे थांबलो असतो तर तुझी अट पुरी झाली होती. मी कागद लिहून साहेबांपुढे सहीला ठेवलाही. त्यांनी पेन काढलं आणि विचारलं, "तुझी मुलगी कोरडे कुळीथ खाते काय?"

म्हटलं, नाही.

"मग शिजवलेले मोज. कोरडा दाणा आणि ओलं अंडं एका पंगतीला बसवलंस, हा न्याय नाही."

शिजवलेले मोजले. दाणा पाणी पिऊन फुगतो, बावीसचे आठ झाले. उकडलेलं अंडं तेराच राहिलं. चिंबोरीच्या नांगीतला गर अठरा. साहेब म्हणतात, अंड्याचं आणि माशाचं प्रोटीन जसंच्या तसं अंगी लागतं. कुळथात एक गोष्ट उणी असते ती भातात असते, आणि भातात जी उणी ती कुळथात. दोन्ही एका घासात गेली तर कुळीथही कमी नाही, फक्त घास जास्त लागतात. मी इथवर आलो आणि मला वाटलं, ठीक आहे, थोड्याने हरलो.

मग कळण लावलं. तेच, मी बनूला पाजायचो ते. ॲसिडचा नळ उघडला आणि चार थेंबांत गुलाबी झालं. मला वाटलं काहीतरी चुकलं, पुन्हा लावलं. पुन्हा तेच. शंभर ग्रॅम कळणात एक ग्रॅम. तुझ्या आईचा रस्सा लावला. दीड.

गीता, माझं एक आणि तुझ्या आईचं दीड. इतके दिवस आपण दोन घरं हमरीतुमरीवर आलो, कुळीथ की चिंबोरी, आणि दोन्हीकडे पोरीच्या वाटीत पाणी होतं. बळ दाण्यात राहिलं ते मी खाल्लं. बळ नांगीत राहिलं ते सोमाने खाल्लं. आपल्याकडे कुणाच्या घरी लहान पोराला याहून वेगळं देतात सांग. मी साहेबांना हे सांगताना इतक्या मोठ्याने बोलत होतो, की त्यांनी मला खुर्ची दिली. हे माझ्या तीन वर्षांतलं सगळ्यात मोठं काम आहे असं ते म्हणाले. आनंदाने माझे कान तापले होते आणि लाजेनेही.

मग साहेबांनी विचारलं, "मुलगी एका वेळेला किती खाते?"

मी म्हटलं, भरपूर.

"भरपूर म्हणजे किती ग्रॅम?"

चंबू होता, काटा होता, सगळं होतं, आणि हा एक आकडा माझ्याकडे नव्हता. म्हणून तुला विचारतो. तिला दात किती आलेत? दाणे चावते, की वाटून द्यावे लागतात? किती चमचे खाते? भूक सकाळी लागते, की संध्याकाळी? मी वाटी तोंडाशी नेली की ती मान फिरवायची आणि मी डोकं धरून पाजायचो. ती मान का फिरवत होती? तुला माहीत असेल. मला माहीत नाही.

मी मासे-अंडी खाणार नाही. पण तो शब्द मी दिला होता, बनूने नाही आणि तूही नाही. माझा शब्द माझ्या ताटापुरता. तुझ्या चुलीवर काय शिजेल ते तू ठरव.

कागदावर दाखवा म्हणालीस, ते दाखवता आलं नाही. म्हणून ये असं लिहीत नाही. या वेळी खरोखर.

श्रीपत


कापडे, ८ एप्रिल १९८६

बनूच्या बाबांस जयभीम.

तुमची पाची पत्रं मिळाली. पहिली तीन वाचून डब्यात टाकली. चौथं वाचून हसले आणि मग नाय हसले. पाचवं दोनदा वाचलं आणि आईला वाचून दाखवलं. आई म्हणते, "रश्शात बळ नाय तर आमी इतकी वरसं खुळेच काय?" एवढं बोलून झाल्यावर तिने नांगी फोडली आणि गर बनूला भरवला. आता रस्सा सोमाला मिळतो. तो तुमच्यावर रागावलाय.

मी पण इथं येऊन रस्साच देत होते. तुमच्यावर चिडून निघाले आणि वाटीत तेच ओतलं. हे लिहायचं जिवावर आलं होतं, पण तुम्ही मोरीचं लिहिलंत म्हणून मी हे लिहिते. टरफलं मी त्याच दिवशी बघितली होती. तुम्ही कधी बोलता याची वाट बघत होते.

आता तुम्ही विचारलंत त्याचं. दात आठ. दाढा वर यायला लागल्यात, हिरड्या सुजतात, म्हणून मान फिरवते. त्यावर गरम वाटी लागली की जास्तच. अख्खे दाणे चावत नाय, गिळते आणि ठसका लागतो. वाटून, मऊ भातात कालवून दिले तर चहाचे सहा चमचे खाते. जरा थांबून आणखी दोन. सकाळी तोंड उघडत नाय. संध्याकाळी कोंबड्या झाकायच्या वेळी स्वतः येऊन मांडीवर बसते. अर्धं अंडं उकडून दिलं, पिवळं खाल्लंन, पांढरं केसांना लावलंन. चमचा भरून पिठाच्या काट्यावर तोलायला सोमाला सांगितलंय, म्हणजे तुमच्या साहेबांना ग्रॅम सांगता येतील.

काल पोलादपुरास वजन केलं. सात किलो पाचशे. फार नाय, पण काटा पहिल्यांदा पुढं गेला. भिंतीला धरून उभी राहते.

एक सांगते. मी अंड्यापायी घर सोडलं नव्हतं आणि कागदापायी परत येणार नव्हते. आपल्या लग्नाला चार वर्षं झाली. शिबिरातून आलात आणि मला सांगितलंत. डॉक्टरकडून आलात आणि सांगितलंत. आकडा आला, तो सांगितलात. मी दिवसभर पोर कडेवर घेऊन असते, ती काय खाते हे तुम्ही मला पहिल्यांदा विचारलंत.

शनिवारी मुक्कामाला या, चारची गाडी धरायची नाय. संध्याकाळी बनूला तुम्ही भरवा. माझ्या हातून अर्धा तास लागतो, तुमच्या हातून एक तास लागेल, लागू दे. रविवारी सकाळच्या गाडीने तिघं निघू. दाणे वाटायला आईचा दगडी खल न्यायचा हाय. बनूला मी घेते, खल तुम्ही घ्या, जड हाय.

गीता